आई, ही वयाची धाप नाही

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर आई कापसाचं सांगत होती. "औंदा दोन वेचण्या तरी..." इतकं म्हणाली आणि थांबली. मला वाटलं रेंज गेली. रेंज होती, आई श्वास घेत होती. पुढचं वाक्य पुरं करायला तिला दोनदा थांबावं लागलं. मी विचारलं तर म्हणाली, "वय झालं माय, आता दम लागणारच."

ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. वय झालं म्हणजे फुप्फुसात नेमकं काय होतं, हेच शोधायला मी नऊ वर्षं पुण्यात उंदरांच्या फुप्फुसांचे काप बघतेय. आणि आईचा खोकला दोन हिवाळे फोनवर ऐकून "औषध घे ना" एवढंच म्हणत राहिले. फोनवर बोलायला गेले की आई लगेच "जेवलीस का" वर येते, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

फुप्फुसात द्राक्षाच्या घडासारखे बारीक फुगे असतात, ३० कोटींच्या आसपास. त्यांची भिंत इतकी पातळ की आतली हवा पलीकडच्या रक्तात सहज उतरते. त्या भिंतीत दोन जातींच्या पेशी. एक पसरट आणि पातळ, जवळजवळ सगळी जागा तिनंच झाकलेली. दुसरी ठेंगणी. फुगा मिटू नये म्हणून ती आतून एक थर देते आणि पातळ पेशी मेली की स्वतः वाढून तिची जागा घेते. बी उगवलं नाही तिथं तुम्ही नांग्या भरता ना बाबा, तसंच हे काम.

धुरानं, न्यूमोनियानं फुप्फुसाला इजा झाली की पेशी मरतात. मरण्याच्या तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत पेशी स्वतःच आवरतं घेते, आकसते, आतला पसारा लहान लहान गाठोड्यांत बांधते. सफाईच्या पेशी गाठोडी उचलून नेतात, शेजारी कुणाला कळतही नाही. या मरणाला तिघा शास्त्रज्ञांनी १९७२ साली 'अ‍ॅपॉप्टोसिस' म्हटलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. हे साल वाचलं की मला तुम्हीच दिसता बाबा, त्या दुष्काळात खडीच्या कामावर, सुकडीच्या रांगेत. दुसऱ्या तऱ्हेत पेशी फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं, आजूबाजूला सूज येते आणि त्या सुजेनं आणखी पेशी मरतात.

पण माझं काम तिसऱ्याच पेशींवर आहे. त्यांची विभागणी थांबलेली असते आणि त्या मरतही नाहीत. मला त्या पेशी समजल्या त्या तुमच्यामुळे. तुम्ही फरदड कधी ठेवली नाही. लोक मार्चपर्यंत कापसाची पऱ्हाटी उभी ठेवायचे, चार बोंडं जास्त मिळतील म्हणून. तुम्ही म्हणायचे, बोंडं चार आणि अळी पुढच्या सालासाठी. फुप्फुसातली ही म्हातारी पेशी म्हणजे फरदड. ती कामाची राहिलेली नसते, जागा सोडत नाही आणि सूज वाढवणारी द्रव्यं सोडत राहते, त्यानं शेजारची चांगली पेशीही म्हातारी होते. ठेंगण्या पेशींची अशी फरदड झाली की नांग्या भरायला कुणी उरत नाही. मग त्या जागी जाड वण धरतो. आमच्याकडे ब्लिओमायसिन नावाच्या औषधानं उंदरांच्या फुप्फुसाला मुद्दाम इजा करतात. तरुण उंदराचा वण काही महिन्यांत बराचसा विरतो. म्हाताऱ्या उंदराचा तसाच राहतो. हे काप भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवले की मला अजूनही पोटात कसंतरी होतं.

सगळी फरदड उपटून टाकावी, असं तुम्हाला वाटेल. तितकं सोपं नाही. जखम भरताना याच पेशी थोडे दिवस लागतात. त्या काढणाऱ्या औषधांचा एक छोटा प्रयोग २०१९ साली छापून आला, वण धरलेल्या १४ रुग्णांवरचा. ते थोडे जास्त चालू लागले, पण तुलनेला औषध न दिलेला गट नव्हता. म्हणजे अजून हातात काही नाही. वय मागे नेण्याच्या गोळीची जाहिरात कुठं दिसली तर आई, एक रुपया घालू नकोस.

आता जे मला फार आधी सुचायला हवं होतं ते. तुम्ही पऱ्हाटी उपटून अंगणात रचायचे आणि आई ती वर्षभर चुलीत घालायची. पावसाळ्यात ती ओली व्हायची, मग तुराट्या, गोवऱ्या, आणि फुंकणीनं फुंकणं. वावरातली अळी गेली, पण धूर आईच्या छातीत गेला. मी त्याच चुलीशेजारी बसून दहावीचा अभ्यास केला. गॅस आला तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच, हे मला दिवाळीत दिसलं होतं.

वयानं श्वास कमी होतोच, ते खोटं नाही. पंचविशी-तिशीनंतर निरोगी माणसाचीही फुंकायची ताकद दरवर्षी साधारण २५-३० मिलिलिटरनं उतरते, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे पाच-सहा चमचे. इतकं हळू उतरणारं माणसाला हापशावरून घरी येताना मध्ये ओट्यावर बसवत नाही. आई बसते. हे नुसतं वय नाही.

आणि बाबा, तुमची बिडी. लंडनमधल्या कामगारांना आठ वर्षं तपासून १९७७ साली निष्कर्ष छापून आले. तंबाखू ओढणं सोडलं की गेलेला श्वास परत येत नाही, पण पुढची घसरण न ओढणाऱ्याइतकी मंद होते. सत्तरीत सोडून काय फायदा, असं तुम्ही म्हणणार. आहे. आणि तुमचा धूर त्याच खोलीत आईही घेते.

तिथल्या डॉक्टरांनी आईला दोनदा खोकल्याचं औषध दिलं, एकदाही फुंकायची तपासणी केली नाही. त्याला स्पायरोमेट्री म्हणतात. सुई नाही, दुखत नाही. छातीभर श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, थांबेपर्यंत फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली त्यावरून छातीतल्या श्वासाच्या नळ्या आकसल्यात का हे कळतं. मग श्वासातून औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. छातीचा फोटोही काढू. डॉक्टरांना पाठीला, खाली, नळी लावून ऐकायला मी सांगणार आहे. तिथं दप्तराची चिकटपट्टी उघडल्यासारखा आवाज आला तर वणाची शंका येते, आणि त्याचे उपचार वेगळे. काहीही निघालं तरी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस दोघांनाही द्यायचीच.

मी शनिवारी रात्री निघते, रविवारी सकाळी परभणीला उतरेन. सोमवारची वेळ घेतली आहे. बाबा, त्या दिवशी सकाळपासून बिडी नको. चुलीचं मी आल्यावर बघते. पाण्याला वेगळा बंब घेऊ, बिनधुराचा. आई, सोमवारचा उपास असला तरी चहा-दूध घेऊन निघ, तपासणीला उपाशीपोटी जायचं नसतं. आणि घट्ट पोलकं घालू नकोस, फुंकताना छाती मोकळी फुगली पाहिजे.

तुमची,
मोठी