'हेतू चांगला होता' म्हटलं की सुटलो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला बौद्ध नीतीवरचा लेख वाचला, आवडला पण एक गोष्ट फार खटकली म्हणून लिहितेय. बुद्धांनी चेतनेलाच, म्हणजे कृतीमागच्या हेतूलाच, कर्म म्हटलं, म्हणून हेतू साफ असेल तर माणूस दोषातून मोकळा, असा लेखाचा सूर आहे. पहिला भाग बरोबर, अंगुत्तर निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहात ते स्पष्टच आहे. दुसरा भाग मात्र लेखकाने पदरचा घातलाय.

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. एक भिक्खू आसनावर बसतो, वर कापड असतं आणि कापडाखाली लहान मूल, ते चिरडून मरतं. हत्येचा हेतूच नव्हता म्हणून संघातून बाहेर काढणारा पाराजिक दोष त्याला लागत नाही. पण विषय तिथे मिटत नाही, बसण्याआधी नीट बघून बसायचं, नाहीतर दुक्कट, म्हणजे छोटा का होईना पण दोषच, असा नियम लगेच होतो. म्हणजे हेतूही बघितला आणि बेफिकिरीही सोडली नाही!

दुसरं म्हणजे अकुशलाची, म्हणजे वाईट कर्माची, मुळं तीन, लोभ, द्वेष आणि मोह (इथे मोह म्हणजे भुरळ नव्हे, अज्ञान). पहिली दोन आपल्याला निदान कळतात तरी, मोहाचं काय? 'तुझ्या भल्यासाठीच बोललो' म्हणत समोरच्याला पार रडवणारा माणूस खोटं बोलत नसतो हो, त्याला खरंच तसं वाटत असतं, आणि तोच तर मोह. (असे लोक घरात जास्त भेटतात, असो.)

म्हणूनच बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला दिलेला उपदेश मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आरसा जसा बघण्यासाठी, तसं प्रत्येक कृतीकडे करण्याआधी, करताना आणि करून झाल्यावरही बघायचं, यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही त्रास होतोय का. होत असेल तर मधेच थांबायचं, आणि शरीराने किंवा बोलण्यातून चूक होऊन गेलीच असेल तर गुरूपुढे किंवा जाणत्या सोबत्यापुढे ती उघड सांगायची. आता मनात काय होतं एवढंच बघायचं असतं तर झाल्यानंतर पुन्हा तपासायला कशाला सांगितलं असतं?

लेखात राहुलचा उल्लेखच नाही. पुढचा भाग येणार असेल तर हे जरूर घ्या, मज्झिम निकाय या दुसऱ्या उपदेशसंग्रहातलं ६१ वं सुत्त (उपदेश) आहे, फार मोठंही नाही.

आपली,
एक नियमित वाचक