पंचविशीतले कान

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, हल्लीची गाणी मनात राहतच नाहीत. कॉलेजात ऐकायचो तीच फिरून फिरून लावतो." तू सहज बोललास, पण मला ते लागून राहिलं. पंचविशीत असं वाटू लागलं तर पुढची पन्नास वर्षं माणूस काय ऐकणार? फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

तुझ्या वयाला असं वाटणं मात्र जगावेगळं नाही. १९८९ मध्ये मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी सोळा ते शहाऐंशी वयाच्या लोकांना १९३२ ते १९८६ या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. ज्याला त्याला आपल्या साधारण साडेतेविसाव्या वर्षाच्या आसपासची गाणी सर्वांत जास्त आवडली. पुढच्या अभ्यासांत हे वय आणखी खाली आलं. म्हणजे "आमच्या काळची गाणी" हा काळ प्रत्येकाचा वेगळा असतो आणि प्रत्येकाला तो सोन्याचाच वाटतो. तुझे पणजोबा नाट्यपदांपुढे भावगीताला किंमत द्यायचे नाहीत. आजीला भावगीत म्हणजे प्राण, आणि माझ्या कॅसेटचा आवाज ती आल्या आल्या बारीक करायची.

हे का होतं, याचा मी बराच विचार केला आहे. त्या वयात सगळं पहिल्यांदा घडत असतं, त्यामुळे गाणं प्रसंगाला चिकटून बसतं, हे खरंच. आपण कोणत्या टोळक्यातले हेही तेव्हा गाण्यावरून ठरतं. पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते उजळणीचं. आमच्याकडे कॅसेट होत्याच किती! नवी आली की पुढची येईपर्यंत तीच, दोन्ही बाजूंनी. न आवडलेलं गाणंसुद्धा दहादा कानांवरून जायचं आणि अकराव्यांदा आवडायचं. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागलं की हवं ते गाणं येईपर्यंत नको ती चार ऐकावीच लागत. आता तू वीस सेकंदांत पुढचं गाणं लावतोस. त्या गाण्याला तुझ्या मनात शिरायला सवड कुठे मिळाली?

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये झालेलं एक संशोधन मला फार मोलाचं वाटतं. स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकताना लोकांच्या मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं, आणि ते ऐन रंगाच्या क्षणीच नव्हे, तो क्षण आता येणार या अपेक्षेच्या काळातही स्रवतं, असं त्यात दिसलं. ख्यालाच्या श्रोत्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. विलंबित म्हणजे संथ लयीतल्या एकतालाचं एक आवर्तन, बारा मात्रांचा एक फेरा, पाऊण मिनिटाचं, कधी त्याहूनही लांब. गायक आलापीत दूर कुठेतरी गेलेला असतो, मात्रा सरत येतात, तो मुखडा, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीचे शब्द, उचलतो आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. त्या क्षणी सगळ्या मंडपाच्या माना एकदम हलतात. ज्याला सम कुठे आहे हे ठाऊक नाही, त्याच्या वाट्याला ती ओढही येत नाही आणि तो आनंदही नाही. त्याला नुसतं संथ वाटतं.

मी स्वतः चाळिशी उलटल्यावर ख्यालाकडे वळलो. ऑफिसातले एक सहकारी तबला वाजवायचे. त्यांनी मला बोटांवर बारा मात्रा मोजायला शिकवलं आणि एकच राग, यमन, महिनाभर ऐकायला लावला. दुसरं काही लावायचं नाही, अशी अटच होती. तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी बोटं थांबली आणि तरीही सम आलेली कळली. तेव्हा माझी खात्री पटली की वयानं आवडीची दारं बंद होत नाहीत. नोकरी, संसार, प्रवास यांत आपण एखाद्या अनोळखी गाण्याला वेळ देईनासे होतो आणि त्यालाच वय म्हणतो.

कानांचं म्हातारपण खोटं नाही, तेही सांगतो. तरुण कान वीस हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकतो. वयानुसार ही मर्यादा वरच्या टोकाकडून खाली येत जाते. स, त, फ यांसारखी व्यंजनं त्याच बाजूला असतात, म्हणून गोंगाटात आम्हाला आवाज ऐकू येतो पण शब्द पुसट होतात. माझ्या वयाची माणसं नव्या गाण्यांना "शब्दच कळत नाहीत" म्हणतात, त्यात थोडा वाटा कानांचाही असतो.

आणि आवड घट्ट बसण्यात वाईटच काही आहे असं नाही. आजीचं शेवटी शेवटी काय झालं होतं, तू पाहिलंस. माझंही नाव तिला आठवेना. पण गीतरामायण लावलं की बाबूजींच्या आधी पुढची ओळ ती म्हणायची. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक, अशी वर्षभराहून थोड्या अधिक काळात ५६ गीतं झाली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आळीत एक रेडिओ आणि पुढच्या गीतासाठी आठवडाभर वाट पाहायची. असं ऐकलेलं कुठे जाणार? तुझ्यापाशीही असा साठा आहे, तो जप. मला एवढंच वाटतं की त्याला इतक्यात कुलूप घालू नकोस.

कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरोल क्रमहान्सल यांनी २०१३ मध्ये दाखवलं की विशीतल्या मुलांचा आपल्या आईवडिलांच्या तरुणपणच्या गाण्यांवरही जीव असतो. घरात वाजत राहिलेलं त्यांच्यात उतरतं. तू आंघोळ करताना आर. डी. बर्मनच्या चाली गुणगुणायचास, त्या माझ्याच कॅसेटवरच्या. मग उलट दिशेनंही हे व्हायला काय हरकत आहे?

म्हणून दोन गोष्टी माग‌तो. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला माझ्याबरोबर एक अख्खी संध्याकाळ बस. रजा आत्ताच टाकून ठेव. त्याआधी महिनाभर एकच राग ऐक, कोणता ते मी कळवीन. आणि तू मला तुझ्या आवडीचा एकच अल्बम पाठव. वीस गाण्यांची यादी नको. बरोबर शब्दही लिहून पाठव.

मागे पाठवलेलं ते रॅप मी रोज सकाळी फिरताना ऐकतोय. त्यातल्या दुसऱ्या कडव्यात ठेका बदलतो, की ठेका तोच राहून शब्दच दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, जातात? मला दुगुण वाटते, पण खात्री नाही. रविवारी फोन करशील तेव्हा सांग.

तुझा,
बाबा