आधी एक ड्रॉवर तरी आवरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर आवरण्यावरचे लेख हल्ली सगळीकडे येतात आणि बहुतेकांत एकच सल्ला, सुट्टीच्या दिवशी अख्खं घर उपसा. अहो, दुपारपर्यंत पलंगावर ढीग होतो आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून तोच ढीग परत कपाटात कोंबला जातो! त्यापेक्षा एक ड्रॉवर घ्या, पूर्ण रिकामा करा, पुसा, आणि जे खरंच तिथं लागतं तेवढंच आत ठेवा, बाकीचं आत जाता कामा नये. आणि डबे, ऑर्गनायझर आधी विकत आणू नका प्लीज, सामान कमी झाल्यावर माप घेऊन आणा, नाहीतर रिकामे डबेच एक नवीन पसारा होतात.

औषधांचा डबा मात्र सगळ्यात आधी. एक्स्पायरी बघा, पट्टी अशी कापलेली असते की तारीखच गायब, तसल्या गोळ्या ठेवूच नका. बाथरूममधल्या कपाटात तर औषधं नकोतच, दमटपणाने खराब होतात. दुसरं म्हणजे जुने सेल. ते गळतात आणि रिमोट, टॉर्च खराब करतात. बटण सेल लहान मुलाने गिळला तर काही तासांतच अन्ननलिका आतून भाजते, म्हणून वापरलेला सुद्धा उघड्यावर ठेवू नका. सेल, चार्जर, वायरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेतात तिथं द्या.

वायरींवर एवढंच की कशाची ते आठवत नसेल तर ती काढाच, आणि उरलेल्यांवर नाव लिहून चिकटवा.

आपली,
एक वाचक