आई, अण्णांच्या सत्तरीचं ते जेवण कॅन्सल कर

ती. आई आणि अण्णा,

शिरसाष्टांग नमस्कार (पत्राच्या सुरुवातीला हे लिहायचं असतं एवढं शाळेतलं आठवतंय).

पत्र बघून घाबरू नका. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवतेय, अण्णा तुम्ही पोवई नाक्यावर जाऊन मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणा आणि आईला वाचून दाखवा, मोबाईलवर वाचत बसू नका. फोनवरच सांगणार होते पण फोनवर आई आधी जेवलीस का विचारते, मग तुम्ही दोघं एकदम बोलायला लागता आणि माझं राहूनच जातं.

तर मी बरी आहे. नेपाळमधल्या ज्या अनाथाश्रमात महिनाभर व्हॉलंटिअर म्हणून आले होते तिथून मात्र बाहेर पडलेय, महिना पुरा व्हायला अकरा दिवस होते तरी. आता इथल्या पाटणला (काठमांडूला लागून आहे ते, आपलं नव्हे) एका गेस्टहाऊसवर आहे, रविवारचं विमान आहे. भांडण वगैरे काही नाही, म्हणजे झालं थोडं. आणि आई, अण्णांच्या सत्तरीला तू जे ठरवलंयस ना, साताऱ्यातल्या अनाथाश्रमातल्या मुलांना पुरीभाजी-श्रीखंड, केक, मग मुलांच्या हातून अण्णांना औक्षण, ते कॅन्सल कर. कॅटरर ओळखीचा आहे, अॅडव्हान्स देईल परत. चिडू नकोस, का ते सांगते.

पहिल्या दिवशी मी तुम्हाला फोटो पाठवलेला बघा, एक चार वर्षांची पोरगी माझ्या मांडीवर बसलीय, गळ्यात हात टाकून. मी जाऊन दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. आई तू लिहिलंस किती गोड, लगेच रुळलं लेकरू, आणि मावशीनं लिहिलं हिला स्वतःचं असतं तर. (मावशीला सांग मी वाचलं.) मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण चारपाच दिवसांनी एक कोरियन बाई आल्या, त्यांच्याही मांडीवर तीच पोरगी तशीच, तेवढ्याच वेळात, हात टाकायची पद्धतसुद्धा तीच. मग मला आपली चिऊ आठवली. मी पुण्याहून आले की दादाच्या चिऊला ओळख पटायला अर्धा दिवस जातो, तोवर वहिनीच्या ओढणीमागून बघत बसते, आणि आपण म्हणतो काय बाई लाजाळू पोर. आई, ते लाजणं चांगलं असतं गं. आपलं माणूस कोण आणि परकं कोण हे त्या पोरीला पक्कं माहितीय म्हणून ती लाजते. इथल्या पोरांना दर पंधरा दिवसांनी नवी दिदी, नवा दादा. कोणी इंग्रजी गाणी शिकवतं, कोणी भिंत रंगवतं, नंतर मला कळलं की तीच भिंत वर्षात तिसऱ्यांदा रंगवली होती. नवीन माणूस आलं की मुलं नाव विचारतात आणि लगेच पुढचं, "दिदी, कहिले जाने?" म्हणजे जाणार कधी.

तू दिलेले कंदी पेढे मी दुसऱ्या दिवशी वाटले. मुलं रांगेत उभी केली, पेढा हातात, आणि फोटो होईपर्यंत कोणी खायचा नाही. फोटो तीनदा काढला. एकानंही तोंडाला लावला नाही अण्णा, चार वर्षांच्या पोरीनंसुद्धा नाही. आपल्याकडं नैवेद्य दाखवून होईस्तोवर दादाला धरून ठेवावं लागायचं. तेव्हा मला वाटलं, काय शिस्त आहे!

आता मुद्द्याचं. तिथं एक मुलगा आहे, सगळे त्याला कान्छा म्हणतात, म्हणजे धाकटा. वय नऊ. आश्रमाच्या साहेबांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं की याचे आईवडील भूकंपात गेले. आम्ही सगळे गप्प, एकीच्या डोळ्यात पाणी. अण्णा, तुम्ही असता तर तिथल्या तिथं हिशेब मांडला असता. भूकंप झाला २५ एप्रिल २०१५ ला. पोरगं नऊ वर्षांचं, म्हणजे जन्मच भूकंपानंतरचा. मला हे कळायला दोन आठवडे लागले, आणि मी दिवसभर ऑफिसात आकडेच बघते.

कळलं तेही त्याच्या होमवर्कमुळं. नेपाळी आपल्याच लिपीत लिहितात, त्यामुळं मला अर्धंमुर्धं वाचता येतं, बाकीचे व्हॉलंटिअर युरोपातले, त्यांना ती नक्षीच. निबंध होता "मेरो परिवार". त्यानं लिहिलेलं, मेरो परिवारमा पाँच जना छन्. पाच जणांची नावं. बुवा म्हणजे वडील, आमा म्हणजे आई, हजुरआमा म्हणजे आजी, एक बहीण आणि तो. मेरो घर हुम्लामा छ. शेजारी बसलेली जर्मन मुलगी त्याच पानावर त्याला सूर्य आणि डोंगर काढायला मदत करत होती. मी विचारलं तर साहेब म्हणाले, मुलं कल्पना करतात हो, त्यांना समजून घ्यायचं असतं.

मग मी स्वयंपाकाच्या दिदीला विचारलं. तांदूळ निवडता निवडता तिनं अगदी सहज सांगितलं, हिंदीतच, की त्याची आई शनिवारी फोन करते ना. (इथं शनिवारी सुट्टी असते.) पाहुणे असले की फोन द्यायचा नसतो. गावात एक माणूस आला होता, काठमांडूला चांगल्या बोर्डिंगात घालतो म्हणाला, बापानं त्यालाच वर पैसे दिले. हुम्ला म्हणजे पार वर, तिबेटच्या हद्दीला, तिथून माणसं नेपाळगंजला येतात तीसुद्धा छोट्या विमानानं. ती आई कधी येणार बघायला? ती गावात सांगत असते, माझा मुलगा काठमांडूला बोर्डिंगात शिकतोय.

बोर्डिंग. नेपाळात खासगी इंग्लिश मीडियमच्या शाळेला सरसकट बोर्डिंगच म्हणतात. पण तो शब्द ऐकला आणि मला तुम्ही दिसलात अण्णा, खाकी चड्डी, पत्र्याची ट्रंक.

आम्ही लहानपणापासून कंटाळा येईस्तोवर ऐकलंय ना, माणमधून तुम्ही साताऱ्याला बोर्डिंगात कसे आलात, कर्मवीरांनी १९१९ ला काल्यात रयत कशी काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला कसं बसवलं, धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र कसं विकलं. दादा तर तुमच्या आधीच पुढचं वाक्य म्हणायचा. पण मला आता त्यातली वेगळीच गोष्ट आठवत राहते, डब्याची. आजी फडक्यात भाकरी आणि खर्डा बांधून एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायची आणि तुम्ही स्टँडवर जाऊन आणायचा, कधी गाडी चुकली तर भाकरी दुसऱ्या दिवशी मिळायची, कडक, तरी खायचा. ७२ च्या दुष्काळात तुम्ही अकरावीला, आजी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला, सुकडीवर दिवस काढलेले, पण फडकं यायचं, अर्धी का होईना भाकरी असायची त्यात. त्या काळात तुमच्याइतकं गरीब कोण होतं हो? पण रजिस्टरमध्ये बापाचं नाव होतं, दिवाळीला आणि मे महिन्यात घरी जायचात, आजोबा बाजाराला आले की मास्तरांना भेटून जायचे. तुमच्याकडं बघायला कोणी तिकीट काढून येत नव्हतं. तुम्ही अनाथ आहात असं कोणाला सांगून पैसे उभे करायची कोणाला गरज पडली नाही.

कान्छाला शिकवायला कागदावर अनाथ करावं लागलं, एवढाच काय तो फरक. मी इथं यायला भरलेले बासष्ट हजार त्याच्यावरच उभे होते.

मग मी रात्री वाचत बसले, तुम्हाला माहितीय मी एकदा लागले की सोडत नाही. १९९६ ते २००६ इथं माओवाद्यांचं युद्ध चाललं, पोरं उचलून नेतील या भीतीनं आईबापांनीच पोरं दलालांबरोबर काठमांडूला लावून दिली, तिथून हे वाढत गेलं. २०१० ला अमेरिकेनं नेपाळातल्या 'सोडून दिलेल्या' मुलांचं दत्तक थांबवलं, कारण कागदांवर भरवसाच ठेवता येईना. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफनं सांगितलं की इथल्या आश्रमांत साधारण १५,००० मुलं आहेत आणि त्यातल्या ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, एक तरी, जिवंत आहेत. शंभरात पंच्याऐंशी! तेव्हा सरकारनं पालकांशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर न्यायलासुद्धा बंदी घातली होती. ऑस्ट्रेलियानं २०१८ ला आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा अशा आश्रमांसाठी मुलं पळवण्याचीही दखल घेतली. म्हणजे हे सगळं जगाला माहीत होतं, फॉर्म भरायच्या आधी मीच शोधलं नाही, कारण मला जायचंच होतं.

आणि गंमत बघा, आश्रम आहेत कुठं? काठमांडू, ललितपूर, पोखरा, चितवन. जिथं टुरिस्ट जातात तिथं. हुम्ला, जुम्ला, मुगू, जिथली पोरं, तिथं फारसे नाहीत. आपल्याकडं सगळे अनाथाश्रम महाबळेश्वर-पाचगणीला काढले आणि पोरं माण-खटावमधून आणली, असं झालं की हे. पाहुणे आले की पैसे येतात, पैसे यायला पोरं लागतात, मग पोरं आणतात. सगळीकडं असंच चालतं असं मी म्हणत नाही. खरंच कोणी नसलेली मुलं असतात, त्यांना सांभाळणारी चांगली माणसं असतात, आपल्या साताऱ्यातही आहेत. पण तिथंसुद्धा आठवड्यातून तीन वाढदिवस होत असतील ना आई? दर वेळी अनोळखी माणसाला ओवाळायचं, फोटो होईपर्यंत श्रीखंडाला हात लावायचा नाही, आणि स्वतःचा वाढदिवस कधी ते माहीत नाही. मला ते पेढे डोळ्यासमोर येतात, काय करू.

मी काय केलं म्हणाल तर फार काही नाही. साहेबांशी बोलले, त्यांनी आधी चहा दिला, मग आवाज चढवला. १०९८ ला फोन केला, हो, इथंही मुलांची हेल्पलाईन १०९८ च आहे, त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं. कान्छाच्या आईचा नंबर दिदीकडून घेऊन तोही दिला. पुढं काय होईल देव जाणे. मी मात्र तिला फोन केला नाही, काय सांगणार होते, आणि कुठल्या भाषेत.

आई तू विचारशील, निघालीस तेव्हा पोरं रडली असतील ना गं. नाही रडली. कोणीच नाही. बाय दिदी म्हणाली, स्टँडवर एसटीला हात करतात तसा हात केला आणि मी गेटच्या बाहेर पडायच्या आत कॅरमला बसली. आवाज येत होता सोंगट्यांचा. जाताना भिंतीवर रंगात हात बुडवून ठसा उमटवायचा असतो, खाली नाव आणि देश. मी नाही उमटवला. खरं सांगायचं तर साहेबांनी विचारलंच नाही.

आता काम सांगते, अण्णा, हे तुमच्यासाठी. आपल्याकडं भांड्याला येतात त्या मावशींची मुलगी, नवरा गेला तिचा दिवाळीच्या आधी, आई तू मागच्या रविवारी म्हणालीस की ती दोन्ही पोरांना कुठल्यातरी आश्रमात घालायचं म्हणतेय आणि तूच कोणाचा तरी नंबर दिलास. थांबवा ते. निदान थोडे दिवस. आपल्या सरकारची बालसंगोपन योजना आहे, आता तिला सावित्रीबाईंचं नाव दिलंय, म्हणजे आपल्या नायगावच्याच. एका मुलामागं महिना २,२५० रुपये, पोरं घरातच राहतात, आईजवळ. दोघांचे साडेचार हजार होतात. सरकारी पैसे आहेत, मागंपुढं होणार, तोवर श्रीखंडाच्या पैशातून बघू, कमी पडतील ते मी घालते. फॉर्म जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात मिळतो, पुढं ते बालकल्याण समितीकडं जातं. नवऱ्याचा मृत्यूदाखला, पोरांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक. मृत्यूची नोंद झालीय का ते आधी बघा, २१ दिवसांत करायची असते, राहिली असेल तर तिथून सुरुवात. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली हलवल्यात तुम्ही, ही एक हलवा.

पण त्याच्या आधी आई तू तिला एकटीला चहाला बोलाव आणि विचार, तुला पोरं जवळ ठेवायचीत का. मावशींसमोर नको, तिच्या सासूसमोर तर नकोच. आपण कोणीच तिला हे विचारलेलं नाहीय अजून.

रविवारी पुण्यात उतरते, सोमवारी संध्याकाळी साताऱ्यात. चपात्या नको, भाकरी कर.

तुमची,
छोटी

ता. क. पेढ्यांचा स्टीलचा डबा तिथंच राहिला. विसरले नाही, स्वयंपाकाच्या दिदीला दिला. तिनं झाकणावर कोरलेलं तुझं नाव बोटानं गिरवत मोठ्यानं वाचलं, बरोबर वाचलं, आणि विचारलं, आमा?