रेडिओबरोबर वाजवणारा माणूस

मँचेस्टर,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "कानात घालून एवढं काय ऐकत असतेस गं तिकडे?" मी "असंच काहीतरी" म्हणून विषय बदलला आणि मग दिवसभर चुटपुट लागून राहिली. तुम्ही पहिल्यांदाच विचारलं होतंत, बाबा. म्हणून हे पत्र.

आधी एकच गाणं सांगते. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचं, १९७५ सालचं 'विश यू वेअर हिअर'. म्हणजे तू इथे असायला हवा होतास. सुरुवातीला कुणीतरी रेडिओची खुंटी फिरवतंय. खरखर, बोलण्याचे तुकडे, क्षणभर चायकोव्स्कीची सिम्फनी, पुन्हा खरखर. मग एक गिटार लागते, बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. खोलीत बसलेला माणूस खोकतो. आणि साधारण मिनिटभराने तो आपली गिटार घेऊन त्या रेडिओबरोबर वाजवू लागतो. ही दुसरी गिटार एवढी जवळची वाटते की बोटं तारेवर सरकल्याचंही ऐकू येतं. दोन्ही बँडच्या डेव्हिड गिल्मरनेच वाजवल्या आहेत, पण ऐकताना दोन माणसं वाटतात, एक लांबचा आणि एक आपल्या शेजारचा.

कॉलेजात असताना हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपली पंचवटीतली माडी आली. सकाळची भक्तिगीतं लागली की तुम्ही पेटी पुढे ओढायचात. रेडिओचा सा कुठे आहे ते चाचपडत शोधायचात, काळी चार, छे, पांढरी तीन, आणि तो सापडला की घसा साफ करून हलकेच सोबत धरायचात. पलुस्करांचं भजन असलं की आईला स्वयंपाकघरातही भांडी वाजवायची बंदी. "आपल्या नाशकात जन्मलेला गळा आहे हा," असं तुम्ही दर वेळी सांगायचात, आम्हाला पाठ असूनही. डी. व्ही. पलुस्कर चौतिसाव्या वर्षी गेले हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा.

या गाण्यातही असंच एक गेलेलं माणूस आहे. सिड बॅरेट, बँडच्या संस्थापकांपैकी एक. मन आजारी पडलं आणि १९६८ मध्ये त्याची आणि बँडची साथ सुटली. १९७५ च्या जूनमध्ये, हे गाणं ज्यात आहे त्याच अल्बमचं काम चालू असताना, तो लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत अचानक येऊन उभा राहिला. अंगाने सुटलेला, डोकं आणि भुवयाही भादरलेल्या. जिवाभावाच्या मित्रांनी त्याला आधी ओळखलंच नाही. ओळख पटल्यावर त्यांना रडू आवरेना. हे कळल्यापासून मला ती लांबच्या रेडिओची गिटार नुसती ऐकवत नाही, पोटात तुटतं.

मी शिकवण्यांच्या पैशांतून गिटार आणली तेव्हा तुम्ही चार दिवस अबोला धरला होतात. "ही ढणढण आपल्या घरात नको." मला तेव्हा सांगता आलं नाही की हा नाद मी तुमच्याकडूनच उचललाय.

दादाने 'कंदिसा'ची कॅसेट लावली तो दिवस आठवतो? दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचा २००० सालचा अल्बम. 'मा रेवा' सुरू झालं, नर्मदेचं लोकगीत, त्याला गिटारची साथ, आणि तुम्ही दारातच थांबलात. तबला वाजवणारा, असीम चक्रवर्ती, स्वतः गातही होता. "वाजवता वाजवता गातोय? सोपं नाही ते," एवढंच म्हणालात आणि आत गेलात. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. २००९ मध्ये चक्रवर्तीही गेले. इथे पाऊस सलग चार दिवस लागला की मी तेच गाणं लावते आणि गोदावरीला पूर आल्यावर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला आपण जायचो, ते आठवतं.

आई, तुझ्यासाठी याच गावातलं एक गाणं. द स्मिथ्स या बँडचं १९८६ सालचं, नावाचा अर्थ 'कधीही न विझणारा एक दिवा आहे'. तू देवघरातल्या नंदादीपाला तेल घालतेस, त्याची मला या नावावरून रोज आठवण येते. गाण्यातल्या मुलाला मात्र घरी परत जायचं नसतं, ते घर आता त्याचं राहिलेलं नाही. गाणारा मॉरिसी आणि गिटार वाजवणारा जॉनी मार, दोघांचेही आईवडील आयर्लंडहून इथे आलेले. गाव सोडून आलेल्यांच्या मुलांनी हे सूर बांधले, म्हणून मला इथे परकं वाटत नाही.

बाबा, एक काम करा. दादाला मोबाइलवर 'विश यू वेअर हिअर' लावायला सांगा. पेटीचा भाता गळत असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, टाळू नका. सा पांढरी पाचचा धरा. पहिलं मिनिट नुसतं ऐका, आणि तो माणूस खोकला की तयार राहा. दुसरी गिटार आली की तुम्हीही सुरू करा. दादाला ते रेकॉर्ड करून पाठवायला सांगा, घसा साफ केल्याच्या आवाजासकट.

तुमची लेक