धोका धरणात की धरणाखाली?

जुन्या, लहान धरणांच्या सुरक्षेवरील आपला लेख वाचला. ‘उच्च धोका’ वर्गातील धरण म्हणजे मोडकळीस आलेले धरण, हे त्यातील गृहीतक मात्र पटले नाही. हा वर्ग धरणाच्या प्रकृतीवरून नव्हे, तर ते फुटल्यास खालच्या भागात किती जीवितहानी होईल यावरून ठरतो. भक्कम धरणही या वर्गात असू शकते. उलट, कमी धोक्याचे म्हणून नोंदलेले एखादे मातीचे धरण झिरपणाऱ्या पाण्याने आतून पोखरलेले असू शकते. त्याच्या भरावावर माजलेली झाडे बहुधा कोणी पाहायलाही जात नाही.

खरी अडचण वेगळी आहे. धरण तेच राहते, त्याच्या खाली वस्ती वाढते आणि कागदावरचा वर्ग तसाच राहतो. कमी उंचीवर विसंबणेही चूकच. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ६ नोव्हेंबर १९७७ रोजी फुटलेले केली बार्न्स हे मातीचे धरण जेमतेम १२ मीटर उंच होते. त्या दुर्घटनेत ३९ जणांचा बळी गेला. म्हणून खालची वस्ती प्रत्यक्ष पाहून ठरावीक वर्षांनी फेरवर्गीकरण व्हावे आणि धरणाच्या स्थितीची नोंद स्वतंत्र रकान्यात असावी.

– एक वाचक