रविवारची वेंगुर्ला फेरी: आधी समुद्राचा अंदाज

वेंगुर्ल्याला छोट्या होडीनं समुद्रात जायचं असेल तर बेळगावचं आभाळ बघून आंबोली घाट उतरू नका, घाटाखालचं गणित वेगळं. इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) सिंधुदुर्ग किनाऱ्याचा लाटांचा अंदाज शनिवारी रात्री बघा, पहाटे निघताना पुन्हा बघा. त्यात लाटांची उंची १.५ मीटर दिली असेल तर ती सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट दुपटीला, म्हणजे ३ मीटरला टेकते. वारा १५ नॉटच्या (ताशी साधारण २८ किमी) वर असेल तर छोटी होडी काढायची नाही. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडलं की लाट उभी राहून फुटते, होडी आडवी होते ती तिथंच. परतताना भरती धरा. दुपारी खारा वारा जोर धरतो, ११ पर्यंत किनाऱ्याला लागा. लाइफ जॅकेट अंगात हवं, फळीखाली नव्हे. तांडेल (होडीचा म्होरक्या) ‘आज नको’ म्हणाला तर हुज्जत घालू नका.